काकूंच्या मृत्युपत्राविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काकूंना जाऊन महिनाही झाला नाही, तोच कागदपत्रांचा भार तुझ्यावर येऊन पडला आहे. मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे त्याची अंमलबजावणी करणारा, म्हणून तुझे नाव निघाले, आता प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयात सिद्ध करून घेण्याची, सुरुवात कुठून करू, असे तू विचारले आहेस. बाबांच्या पश्चात मी या वाटेने गेलो आहे, म्हणून सांगतो, की अर्जाच्या आधी ते मूळ मृत्युपत्र जसे सापडले तसे जपून ठेव.

बाबांच्या मृत्युपत्राची झेरॉक्स काढताना पाने नीट बसावीत म्हणून मी टाचणी काढली आणि नंतर नवी लावली. न्यायालयातील कारकुनाने पहिले पान उजेडाकडे धरले, तेव्हा कोपऱ्यात जुन्या टाचणीचा गंजलेला डाग आणि त्याच्या शेजारी नवी भोके स्पष्ट दिसली. मधले एखादे पान किंवा पुरवणीपत्र काढून घेतले असावे, अशी शंका त्यातून येऊ शकते. ती फेडण्यासाठी मला वेगळे शपथपत्र करावे लागले. बाबांच्या अक्षराशेजारी माझ्या हाताने झालेली ती भोके मला आजही आठवतात. तुझ्या बाबतीत असे होऊ नये.

हेच मृत्युपत्र खरे आणि शेवटचे आहे, हे न्यायालयापुढे सिद्ध करणे म्हणजे प्रोबेट. त्यामुळे काकूंनी नंतर दुसरे मृत्युपत्र केले होते काय, याचा शोध आधी घे, आणि ज्यांच्यासमक्ष सही झाली ते साक्षीदार सध्या कुठे असतात तेही पाहा. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रमाणित प्रती जास्तच घे, कारण प्रत्येक कार्यालय आपली प्रत मागते. मृत्यूच्या दिवशी काकूंच्या नावावर काय होते आणि देणे किती होते, याची यादी करायला घे. संयुक्त खाती व नॉमिनी असलेल्या ठेवी त्यात वेगळ्या दाखव, कारण त्यांचे नियम बरेचदा निराळे असतात. अर्जाचा नमुना, मुदत, शुल्क हे सारे ठिकाणागणिक बदलते. ते तिथल्या वकिलालाच विचार.

ताईने दागिन्यांचा विषय काढला आहे, असे तू लिहिलेस. तिच्या मनात वावगे काही नसेल, तरीही आत्ता काहीही वाटू नकोस. अंत्यविधीचा खर्च आणि देणी आधी भागवायची असतात. घाईने वाटप केले आणि मागाहून एखादा धनको उभा राहिला, तर तुला जबाबदार धरले जाऊ शकते. शिवाय हे काम झेपणार नाही असे वाटत असेल, तर नकार देण्याची वेळ हीच आहे. एकदा मालमत्तेच्या व्यवहारात हात घातला, की मागे फिरणे अवघड होते.

रविवारी सकाळी मी येतो. यादी आपण दोघे मिळून करू. तोवर मृत्युपत्राचे ते पाकीट कपाटातच राहू दे.

तुझा मित्र