शेरू-मनीला लपवायचं नाही, बाबा

ती. आई-बाबांना,
सा. न.

परवा फोनवर बाबा जे म्हणाले त्यावर मी गप्प बसले, कारण तुमचं दोघांचं आधीच जुंपलेलं होतं आणि मला मध्ये पडायचं नव्हतं. आता सांगते. "भाड्याचं घर घेताना कुत्र्या-मांजराचा विषयच काढायचा नाही, एकदा सामान लागलं की कोण बाहेर काढतंय" हा बेत डोक्यातून काढून टाका. शेरू म्हातारा झाला असला तरी त्याचा आवाज अजून दोन मजले खाली जातो. मनीला खिडकीत बसल्याशिवाय चैन पडत नाही. लपवणार कुणाला आणि किती दिवस? ज्या दिवशी उघड होईल त्या दिवशी प्रश्न शेरूचा राहणार नाही, तुमच्या शब्दाचा होईल. करारात प्राणी नाहीत असं लिहून दिलेलं असताना घरात दोन प्राणी सापडले, तर समोरच्याला घर रिकामं करून मागायला आयतं निमित्त मिळतं. बाबांचा गुडघा असा असताना वर्षभरात दुसऱ्यांदा बोचकी बांधायची माझी तरी तयारी नाही.

आणखी एक. जागा दाखवणाऱ्या एजंटच्या "चालतं हो, काही प्रॉब्लेम नाही" यावर जाऊ नका. त्याचा संबंध तुम्ही सही करेपर्यंत. घर ज्याचं आहे त्याचा होकार वेगळा आणि बिल्डिंग जो सांभाळतो त्याचा वेगळा. घरमालक दूर कुठेतरी असतो, त्याला भाडं वेळेवर मिळाल्याशी मतलब. रोज गाठ पडते ती मॅनेजरशी. म्हणून घर पसंत पडलं की आधी त्याला जाऊन भेटायचं, आणि दोघांचाही होकार कागदावर घ्यायचा. तोंडी परवानगी दिलेला मॅनेजर नोकरी सोडून गेला की परवानगीही त्याच्याबरोबर जाते, आणि नवा माणूस पहिल्याच दिवशी नियमांचा कागद घेऊन दारात उभा राहतो.

बाबा, तुमच्या लेखी मॅनेजर म्हणजे अडवायला बसवलेला माणूस. थोडा वेळ त्याच्या खुर्चीत बसून बघा. "आज सगळं ठीक आहे" असं सांगायला त्याच्याकडे कोणी येत नाही. आमच्या मॅनेजरच्या टेबलावर एक लांबट तक्रारवही असते. पाणी कमी येतंय म्हणून लिहायला गेले होते, तर माझ्या वरचीच नोंद होती: "लिफ्टमध्ये ओलं आहे, वास येतो, कुत्रेवाल्यांना समज द्यावी." खाली तावातावाने केलेली सही. त्या नोंदीसमोर मॅनेजरच्या अक्षरात लिहिलेलं होतं, "लिफ्टच्या छतातून पाणी झिरपत होतं. दुरुस्त केलं." त्या कुत्रेवाल्यांत आमची बिजलीही आलीच, म्हणून मी आभार मानले तर म्हणाला, "तुमच्या बिजलीची सगळी माहिती माझ्या फाइलीत आहे, तुम्ही तिला कधी आणि कुठून नेता तेही मला ठाऊक आहे. ज्यांचं काहीच माहीत नसतं त्यांची बाजू मी कशाच्या जोरावर घेऊ?"

मला तुमच्यासाठी नेमकं हेच हवंय. तक्रार आज ना उद्या येणारच. प्राणी असलेल्या घराची येतेच. ती आली की त्याच्या हातात तुमच्या बाजूचं काहीतरी असलं पाहिजे.

म्हणून दोघांची एकेक पानाची माहिती तयार करू. नाव, वय, वजन, फोटो, नसबंदी झाली आहे की नाही, रेबीजची लस कधी दिली आणि पुढची कधी, डॉक्टरांचा फोन, आणि तुम्ही दोघं घरात नसाल तेव्हा कोणाला कळवायचं (तिथे माझा नंबर घाला). कातडीखाली ओळखीची चिप बसवली असेल तर तिचा पंधरा आकडी क्रमांकही त्यात जाईल. आता ज्या घरात आहात तिथल्या मालकांकडून चार ओळी लिहून घ्या: किती वर्षं राहिले, नुकसान केलं नाही, शेजाऱ्यांची तक्रार नाही. आई, हे काम तू कर. बाबा मागायला गेले तर जुन्या नळाचा हिशेब काढून बसतील.

मनीच्या बाबतीत लोक का बिचकतात ते समजून घ्या, म्हणजे राग येणार नाही. पुष्कळांना मांजराची ॲलर्जी असते. ती केसांची नसते, मांजराच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात असलेल्या एका प्रथिनाची असते. ते इतकं चिवट की मांजर घरातून गेल्यावरही गाद्या-पडद्यांत काही महिने टिकतं. म्हणजे मॅनेजरला तुमच्यानंतरच्या भाडेकरूचीही काळजी असते. आपण होऊन सांगा की घर सोडताना धुलाई-सफाई आम्ही स्वखर्चाने करून देऊ, आणि ते करारातही घाला. नुसत्या "आमची मनी फार गुणी आहे" पेक्षा याचा उपयोग जास्त होतो. आपापलं मांजर सगळ्यांनाच गुणी वाटतं.

करार सही करण्याआधी मला फोटो काढून पाठवा. त्यात "पाळीव प्राण्यांना परवानगी" एवढंच मोघम नको. शेरू आणि मनी यांचा नावानिशी, वर्णनासह उल्लेख हवा. प्राण्यांसाठी जास्तीची अनामत मागितली तर ती परत मिळणारी आहे की नाही, हे त्याच ओळीत लिहून घ्या. परत न मिळणाऱ्या रकमेलाही लोक बिनदिक्कत डिपॉझिट म्हणतात आणि भांडण घर सोडताना होतं. चावी मिळाली की सामान आत जायच्या आधी सगळ्या खोल्यांचे फोटो काढा. दारांच्या खालच्या कडा, चौकटी, फरशीवरचे ओरखडे अगदी जवळून घ्या आणि त्याच दिवशी मॅनेजरला पाठवून द्या. शेरू दाराला पंजे मारतो हे आपल्याला माहीत आहे. त्याच्या आधी कोणी मारले होते तेही नोंदलेलं असू दे.

आता राहायला गेल्यावरचं. भुंकण्याबद्दल आई म्हणते की शेरू आता भुंकतच नाही. आई, तू घरात असताना तो भुंकत नाही. एकटा राहिल्यावर कुत्र्याला जो कासाविसपणा येतो तो बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होतो, आणि तेव्हा घरातलं माणूस खाली रस्त्यावर पोचलेलं असतं. शेजाऱ्याला ऐकू येतं, आपल्याला नाही. तेव्हा एकदा जुना फोन रेकॉर्डिंगला लावून दोघं बाहेर पडा आणि आल्यावर ऐका. भुंकत असला तर आधी अगदी थोडा वेळ, मग जरा जास्त, असं हळूहळू त्याला एकटं राहायची सवय लावायची. त्याची गादी मुख्य दारापासून लांबच्या खोलीत ठेवा. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं (आवाज जितका बारीक, तितके हर्ट्झ जास्त), कुत्र्याला ४५,००० च्या आसपासपर्यंत. लिफ्टची प्रत्येक घरघर आणि पॅसेजमधलं प्रत्येक पाऊल त्याच्यासाठी बातमीच असते. नखं वेळेवर कापून घ्या, आणि तो जिथे येरझाऱ्या घालतो तिथे जाडसर सतरंजी टाका. रात्री फरशीवर होणारी त्याची टकटक खालच्यांच्या डोक्यावर होत असते.

त्याच्या वयाचंही बोलायला हवं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांत म्हातारपणच्या विसराळूपणाचं एखादं तरी लक्षण दिसलं होतं, १५-१६ वर्षांच्यांत ६८ टक्क्यांत. रात्री जागं राहणं, ओळखीच्या घरात वाट चुकणं, शिकवलेलं विसरून घरातच घाण करणं, अशी ती लक्षणं. शेरू अकराचा झाला. असं काही दिसलं तर लाज न धरता डॉक्टरांना दाखवा आणि मॅनेजरलाही सांगा की उपचार चालू आहेत. म्हाताऱ्या कुत्र्यावर इलाज चाललाय म्हटल्यावर लोक बरंच चालवून घेतात. "यांना काही पडलेलीच नाही" असं वाटलं की मग बिनसतं.

लिफ्टमध्ये बाबांनी घाई करायची नाही. पट्टा आखूड धरायचा, शेरू अगदी पायाशी, आणि दोघं एकदमच आत-बाहेर. लिफ्टचं दार माणूस मध्ये आला तर थांबतं, पण बारीक पट्टा त्याला कळेलच असं नाही. कुत्रा एका बाजूला, पट्ट्याचं टोक दुसऱ्या बाजूला आणि लिफ्ट सुटली, अशा अपघातांत कुत्री दगावली आहेत. आत कोणी घाबरणारं असेल, लहान मूल असेल, तर "तुम्ही व्हा पुढे" म्हणून पुढच्या फेरीने जा. शेरूला मागच्या कोपऱ्यात घ्या आणि तुम्ही त्याच्या पुढे उभे राहा. "काही करत नाही हो तो" हे वाक्य मात्र कृपा करून म्हणू नका. ज्याला भीती वाटते त्याची भीती ते ऐकून कधीच जात नाही.

घरात शेरूकडून चुकून झालंच तर नुसत्या साबणाने भागत नाही. लघवीतली वासाची द्रव्यं त्याने पुरती निघत नाहीत, त्यामुळे फरशी वाळल्यावर आपल्या नाकाला वास येत नाही, त्याच्या नाकाला येतो, आणि तो पुन्हा तिथेच जातो. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते आणा. ब्लीच तर अजिबात ओतू नका, लघवीतल्या अमोनियाशी मिळून त्याचा घातक वायू होतो. मनीसाठी आणखी एक पथ्य: पाण्यात टाकल्यावर दुधासारखी पांढरी होणारी जंतुनाशकं घरात नकोत. त्यांत बहुधा फिनॉलच्या जातीची द्रव्यं असतात, ती पचवून बाहेर टाकायला मांजराचं यकृत कमी पडतं, आणि मनी दिवसभर पंजे चाटत असते.

याच कारणासाठी मॅनेजरशी बोलणं चालू असलं पाहिजे. बिल्डिंगमध्ये पेस्ट कंट्रोल कधी आहे हे त्यालाच माहीत असतं. "आमच्या घरात मांजर आहे, फवारणीच्या आधी कळवाल का, आणि औषध कोणतं तेही सांगाल का" एवढं त्याला लेखी देऊन ठेवा. परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक कुत्र्याच्या गोचिडांवर सर्रास वापरतात, पण मांजराला ते विषासमान आहे. तळमजल्यावर उंदरांसाठी विषाच्या वड्या कुठे ठेवल्या आहेत हेही विचारून घ्या आणि शेरूला त्या बाजूला फिरकू देऊ नका. त्यातली बरीच विषं रक्त गोठू देत नाहीत, आणि लक्षणं दोन-चार दिवसांनी दिसतात. खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी वाट न बघता थेट डॉक्टरांकडे.

खिडक्यांना जाळी लावायचीच. बाबा म्हणतील मांजर पायांवर पडतं. न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी १९८७ साली उंच इमारतींतून पडलेल्या १३२ मांजरांची माहिती प्रसिद्ध केली, त्यात उपचार मिळालेल्यांपैकी ९० टक्के वाचली होती, आणि तेव्हापासून लोक हा आकडा हौसेने सांगतात. जी पडल्या जागीच मेली ती दवाखान्यापर्यंत पोचलीच नसणार, हे कोणी सांगत नाही. वाचलेल्यांचीही छाती, जबडा, टाळू फुटलेले. फक्त जाळी ठोकण्याआधी मॅनेजरला विचारा. बाहेरून काय दिसतं आणि भिंतीला कुठे भोक पाडायचं याबद्दल बिल्डिंगचे नियम असतात, आणि भोक न पाडता चौकटीत बसणाऱ्या जाळ्याही मिळतात.

दुरुस्तीला कोणी येणार असेल तर आधी कळवा असं सांगून ठेवा, आणि तो येण्यापूर्वी शेरूला आतल्या खोलीत घालून दार लावा. तुम्ही घरी नसताना पाइप फुटला तर मॅनेजरला दार उघडून आत जावंच लागेल. घरात दोन प्राणी आहेत, मांजर उघड्या दारातून पळतं, हे त्याला माहीत असू दे, आणि दाराला आतून तशी एक चिठ्ठीही लावून ठेवा.

आणि तक्रार आलीच, तर बाबा, त्या क्षणी उत्तर द्यायचं नाही. "कधी झालं, कुठे झालं, मी बघतो" इतकंच. मग घरी येऊन तारीख-वार लिहून ठेवा, जे केलं ते मॅनेजरला मेसेजने कळवा. शेजाऱ्याशी परस्पर वाद घालू नका, खरं असो की खोटं. तक्रार खोटी असली तर ते मॅनेजरच्या तोंडून आलेलं बरं, तुमच्या तोंडून आलं तर नुसतं भांडण होतं.

मी बघितलेल्या जागांपैकी दुसऱ्या मजल्यावरची मला आवडली आहे. लिफ्ट मोठी आहे, आणि मॅनेजरला मी प्राण्यांचं आधीच विचारलंय. तो नाही म्हणाला नाही, कागद घेऊन या म्हणाला. तेव्हा आई, दोघांची लसीची कार्डं शोध. शेरूचं बहुतेक बाबांच्या कपाटातल्या बँकेच्या फाइलीत आहे. पुढच्या लसीची तारीख उलटून गेली असेल तर आधी लस द्या, मग कार्डाचा फोटो पाठवा. बाबा, तुम्ही शेरूचं वजन करून आणा, अंदाजे नको. तेवढं हाती आलं की मी अर्ज लिहायला घेते.

तुमची लेक