केसपेपरवर ‘घरी लागलं’

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दरवर्षी 4 मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, कामगार हात पुढे करून शपथ घेतानाचे फोटो छापून येतात. त्या हातांना बोटं किती आहेत ते मी मोजतो. सवयच लागली आहे, कारण भांडुपच्या गाळ्यांत 31 वर्षं मी प्रेसचे, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्राचे, डाय-पंच (साचे) बसवले.

परांची कोसळली, गटारात माणसं गुदमरली की बातमी होते, व्हायलाच हवी. प्रेसखाली गेलेल्या बोटांची होत नाही. मी पाहिलेली बोटं नवख्यांची कमी, हात बसलेल्यांची जास्त. मजुरी नगावर असते. गार्ड (हात आत जाऊ न देणारा अडसर) लावला की तासाचे नग घटतात, म्हणून तो काढून कोपऱ्यात ठेवतात. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय रॅम, म्हणजे प्रेसचा वर-खाली होणारा जड भाग, खाली येऊ नये अशी सोय असते. त्यातलं एक चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं मी स्वतः पाहिलं आहे. पायडलवाल्या प्रेसचा क्लच झिजला की पायडल एकदा दाबूनही रॅम दोनदा येतो, आणि नेमका तेव्हा हात जॉब (तयार झालेला नग) काढायला आत असतो. वर ऐकायला मिळतं, “लक्ष कुठे होतं तुझं?”

खरा घोळ त्यानंतरचा. आमच्या गाळ्यातल्या एका चिपळूणच्या पोराची तर्जनी आणि मधलं बोट गेलं. शेठने रिक्षातून ओळखीच्या दवाखान्यात नेलं. वाटेतच पढवलं, “घरी लागलं म्हण, खर्च मी करतो.” केसपेपरवर आलं : दरवाजात बोटं सापडली. 1923 च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठ्याला 30, तर्जनीला 14, एका हाताच्या दोन बोटांना 20 टक्के कमाईची क्षमता गेली असं धरलेलं होतं. या पोराला मिळाला दोन महिन्यांचा पगार. युनियनच्या ऑफिसात गेला तर पहिला प्रश्न, केसपेपर कुठाय? आता तो मुलुंडला वॉचमन आहे.

ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) कार्ड असेल तर नोकरीच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी उपचार आणि बरं होईपर्यंत सुमारे 90 टक्के पगार मिळतो. पण अपघात कामावर झाला हे कुठेतरी लिहिलेलं लागतं. माथाडीची कंबर, पार्सलवाल्या पोरांचे मोडलेले हात, बिगाऱ्याचं ‘जिन्यावरून’ पडणं, सगळ्यांची गाडी याच कागदापाशी अडते.

दरवाजात चेमटलेलं बोट आणि डायखाली गेलेलं बोट यांतला फरक डॉक्टरांना कळत नाही, असं मला वाटत नाही. त्यांनी शेठला बाहेर बसवून “कोणत्या मशीनवर लागलं?” एवढं विचारावं आणि उत्तर जसंच्या तसं लिहावं. कामगारांनी हजेरी कार्डाची, पगाराच्या पावतीची झेरॉक्स घरी ठेवावी. अपघातानंतर गाळ्यातलं काहीच हाती लागत नाही.

आपला,
एक निवृत्त टूलरूम फिटर, भांडुप (पश्चिम)