पाणी साडेपाचला यायचं गं

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आईने "बरं, बघू" म्हणून विषय भाजीवर नेला असता, म्हणून लिहितेय. शनिवारी मी वाईला येतेय आणि आईला चार दिवस पुण्याला नेणार आहे. झोपेची तपासणी ठरवलीय, पैसेही भरलेत. आता वाद नको.

गेले सात-आठ महिने मीच रात्री तीनला दचकून उठते. मान-पाठ ओलीचिंब, आणि पाच मिनिटांत तोच गाऊन गार लागतो. डॉक्टर म्हणाल्या, पाळी जाताना इस्ट्रोजेन कमी होतं, तसं मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं. अंग जरासं तापलं तरी घाम फोडतं. परवा अशीच फरशीवर बसले होते आणि आपलं माजघर आठवलं. आई, माझ्या बारावीच्या वर्षी तू उंबऱ्याशी बसायचीस, ओला पदर मानेवर टाकून. विचारलं की म्हणायचीस, "पाणी येईल आता." पाणी साडेपाचला यायचं गं. आणि मी तुझ्या मांडीवर डोकं टाकून खुशाल झोपायचे.

बाबा, "दिवा घालव" म्हणायचात, पण तेव्हा कुणाला काय माहीत होतं? उलट परवा तुम्हीच सांगितलंत, हिचं घोरणं मध्येच थांबतं आणि मग ही गुदमरल्यासारखी उठते. पाळी गेल्यावर बायकांत हा झोपेतला श्वासाचा त्रास वाढतो, आणि आपण त्याला वय झालं म्हणतो.

सुई नाही की दवाखान्यातली खाट नाही. माझ्याच खोलीत, तुझ्या गोधडीत झोपायचं. बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाशी बारीक नळी, बस्स. चहा आल्याचा, पहाटे पाचलाच. बाबांचा डबा वहिनी बघेल, तुळशीचंही तिला सांगितलंय.

ती झोपेची अर्धी गोळी मात्र मनाने बंद करू नकोस. इतक्या वर्षांची सवय, एकदम सोडली तर त्रास होतो. पाकीट पिशवीत टाक, डॉक्टरांना दाखवू. दुपारी चारनंतर चहा बंद. बाबा, लक्ष ठेवा, पण ओरडू नका.

आणि आई, माझ्याकडे रात्री तीनला जाग आली तर अंधारात एकटी बसू नकोस. हाक मार, मी जागीच असते.

तुमची छकुली (वय 48)