घड्याळाच्या सेलवर चालणारी बॅटरी

पुणे, २० मे

ती. आई आणि बाबा यांस,
सा. न. वि. वि.

पत्राबरोबर एक छोटं खोकं येतंय. त्यात मुठीत मावेल एवढी एक बॅटरी आहे, चार सेल आहेत आणि चार्जर आहे. फोनवर सांगितलं असतं तर बाबा "बरं बरं, पाठव" म्हणाले असते आणि खोकं कपाटात जाऊन बसलं असतं, म्हणून लिहायला बसले. आई, तू चष्मा लावून हे मोठ्याने वाच. बाबांना ऐकू दे.

एप्रिलमध्ये मी आले होते तेव्हाची ती रात्र डोक्यातून जात नाही. दहाच्या सुमारास वीज गेली आणि पंप बंद करायचा राहिलाय म्हणून बाबा निघाले. उजव्या हातात काठी, डाव्या हातात मोबाइल, उजेड त्याचाच. मी मागून येत होते. गोठ्याच्या अलीकडे जांभ्याच्या पायरीच्या कडेला फुरसं बसलं होतं आणि बाबांचं पाऊल त्याच्यापासून वीतभर अंतरावर पडलं. बाबांना ते दिसलंच नाही. मलाही आधी त्याची खरखर ऐकू आली, करवत घासल्यासारखी, आणि मग ते दिसलं. त्या फोनच्या निळसर उजेडात तांबूस जांभा आणि तपकिरी फुरसं एकच झालं होतं. बाबा, तुम्ही "ते काय, इथे नेहमीच असतं" म्हणालात आणि पुढे गेलात. दुसऱ्या दिवशी आईने मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं की मार्चमध्ये तुम्ही त्याच पायरीवरून घसरला होता आणि आठ दिवस खांदा वर होत नव्हता. मला कुणी कळवलं नाही. मी रागावले नाहीये, पण त्या दिवसापासून ठरवलं की या एका गोष्टीचा नीट अभ्यास करायचा.

आधी एक कबुली. दिवाळीत मी ती जाड काळी बॅटरी आणली होती, ती निवड चुकली. तिच्यात १८६५० नावाचा लिथियम सेल लागतो, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, ३.७ व्होल्टचा. उजेड भरपूर, पण तो सेल संपला तर वाडीवरच्या दुकानात सोडा, दापोलीतही पटकन मिळायचा नाही. आणि बटण एकच. एकदा दाबलं तर एक, दोनदा दाबलं तर दुसरं, जास्त वेळ धरलं तर लखलखाट. आईने पायरीवर उभं राहून बटण दाबलं आणि तो लखलखाट बाबांच्या डोळ्यांत गेला. बाबा डोळे मिटून तसेच उभे राहिले, पुढची पायरी कुठे आहे ते न दिसता. घसरू नये म्हणून दिलेल्या वस्तूनेच तुम्हाला पायरीवर अडकवलं. नंतर तुम्ही दोघांनी ती गुपचूप ठेवून दिलीत, ते योग्यच केलंत.

यावेळी मी प्रश्न उलटा विचारला. किती लख्ख, हे नंतर. आधी हे की वादळात, दुकानं बंद असताना, तुमच्या घरात कुठला सेल नक्की सापडेल? उत्तर माजघरातल्या भिंतीवर टिकटिकत होतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं आणि त्यानंतर आपल्याकडे जवळजवळ तीन आठवडे वीज नव्हती. फोन लागत नव्हते आणि टाळेबंदीमुळे मला निघता येत नव्हतं. तुम्ही नंतर सांगितलंत ते मी विसरलेले नाही: दुकानातल्या मेणबत्त्या दोन दिवसांत संपल्या, पण घड्याळाचे सेल होते, कारण त्यांचं कुणाला काही सुचलंच नव्हतं. ही बॅटरी त्याच घड्याळाच्या सेलवर चालते. एकाच सेलवर.

एकच का, ते बाबांना विशेष करून सांगायचंय. तुमची ती तीन सेलची स्टीलची बॅटरी, शेवटच्या एसटीने उतरून शाळेतून घरी चालत येताना हातात असायची ती, कशाने गेली माहीत आहे? उजेड मंदावला की तुम्ही तिन्ही सेल काढून बघायचात आणि त्यातला एकच बदलायचात, बाकीचे "अजून आहेत जरा" म्हणून परत घालायचात. पैसा वाचवायचा म्हणून, मला कळतं ते. पण एकामागे एक लावलेल्या सेलांत एक दुबळा असला की तो आधी संपतो, आणि बाकीचे दोन त्याच्यातून जबरदस्तीने वीज ढकलत राहतात, उलट्या दिशेने. आत वायू साठतो आणि सेल फुटून पाझरतो. त्यात साध्या सेलचं बाहेरचं जस्ताचं भांडंच वीज देताना खर्ची पडत असतं. ते झिजून भोक पडलं की आतला रस बाहेर. म्हणून ती बॅटरी आतून गंजली आणि मधला सेल आजही निघत नाही. एकच सेल असला की ही भांडणंच नाहीत. संपला की काढला, दुसरा घातला. अंधारातही चाचपून घालता येतो: सेलचं टोक उजेडाच्या बाजूला.

आता तुमचा प्रश्न मला ऐकू येतोय, "एवढ्याशा सेलवर काय उजेड पडणार?" प्रश्न बरोबर आहे. पांढऱ्या एलईडीला पेटायला साधारण ३ व्होल्ट लागतात आणि या सेलकडे दीडच आहेत. म्हणून बॅटरीच्या डोक्यात एक बारीक सर्किट असतं, विहिरीतून पाणी वर चढवणाऱ्या आपल्या पंपासारखं, ते दाब वाढवून देतं. त्याचा आणखी एक फायदा म्हणजे जुन्या बल्बसारखा उजेड हळूहळू तांबडा होत मरत नाही, बराच वेळ एकसारखा राहतो. पण मग संपताना लवकर संपतो. म्हणून जास्तीचा सेल जवळ हवाच, ते खाली लिहिलंय.

बाजारात अशाच छोट्या बॅटरीच्या खोक्यावर "२००० ल्युमेन" छापलेलं मी पाहिलं. ल्युमेन म्हणजे उजेड मोजायचं माप. बाबा, तुम्ही आम्हाला गणित शिकवलंत, हे तुम्हीच मांडून बघा. चार्ज होणाऱ्या सेलमध्ये १.२ व्होल्ट आणि साधारण २००० मिलिअँपिअर-तास, म्हणजे २.४ वॉट-तास ऊर्जा. चांगली एलईडी एका वॉटला शंभर-सव्वाशे ल्युमेन देते. २००० ल्युमेनला सोळा ते वीस वॉट लागणार. म्हणजे सात ते नऊ मिनिटांत सेल रिकामा, आणि एवढा प्रवाह तो सेल मुळात देऊच शकत नाही. तो आकडा खोटाच आहे. मी घेतलेल्या बॅटरीवर १५० लिहिलंय आणि ते गणितात बसतं.

खोक्यावर "७० मीटर" असंही आहे. त्याचा अर्थ असा की तेवढ्या लांब तिचा उजेड पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उरतो. म्हणजे ७० मीटरवर साप ओळखता येईल असं नाही. खळ्यातून गोठ्यापर्यंत तीस पावलं आहेत, तिथपर्यंत मात्र चांगलं दिसतं. इथे सोसायटीच्या मागच्या बंद रस्त्यावर मी रात्री पावलं मोजून बघितलंय.

खरं तर या वयात लख्खपणापेक्षा उजेडाचा रंग महत्त्वाचा आहे, हे मला आधी माहीत नव्हतं. साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो. बाहुली लहान राहते, आतलं भिंग पिवळट होतं आणि झगझगीत उजेड डोळ्यात पसरून सगळं पांढुरकं करून टाकतो. आई, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायच्या आधी तू म्हणायचीस ना, समोरून गाडी आली की रस्ताच दिसत नाही, ते हेच. म्हणून निळसर पांढरा उजेड मी मुद्दाम टाळला. हा किंचित उबदार आहे, सकाळी नऊच्या उन्हाच्या जवळ जाणारा. यात तांबडं तांबडं दिसतं आणि तपकिरी तपकिरी. जांभ्याच्या लादीवर वाळलेलं आंब्याचं पान आणि फुरशाचं वेटोळं वेगळं दिसायला हवं, बाकी काही नाही दिसलं तरी चालेल. आतला आरसाही गुळगुळीत नाही, मोसंब्याच्या सालीसारखा बारीक खरबरीत आहे, त्यामुळे मधे एकच डोळे दिपवणारा ठिपका पडत नाही, पायापाशी सगळीकडे उजेड पसरतो.

आणि धरायची कशी, तेही सांगते. मोबाइल आपण छातीशी धरतो, उजेड वरून पडतो आणि सावल्या नाहीशा होतात. बॅटरी कमरेच्या खाली, हात सैल सोडून धरा. तिरप्या उजेडात खड्डा, दगड, शेवाळ, साप, सगळ्याची सावली पडते आणि उंचवटा लगेच कळतो. काठी आपटत चला, ती सवय चांगलीच आहे. आणि देव न करो, पण काही चावलं तर वर आवळून बांधू नका, चिरू नका, चोखू नका. पाय न हलवता सरळ सरकारी दवाखान्यात. मण्यार चावली तर बऱ्याचदा दुखतही नाही, म्हणून "काही झालं नाही" असं म्हणून झोपायचं नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारींच्या विषावर एकच इंजेक्शन चालतं.

बटण मागच्या टोकाला आहे, रबराचं. डोकं पिळून लावायच्या बॅटऱ्याही बघितल्या, पण आईची बोटं आणि पावसात ओले हात, दोन्ही आठवलं आणि परत ठेवल्या. पहिल्यांदा दाबलं की मधला उजेड, साधारण ४० ल्युमेन. रोजच्याला हाच. मी सेल पूर्ण चार्ज करून घड्याळ लावून बघितलं, साडेपाच तास चालला. पुढे अर्धं दाबलं की मोठा, तो फक्त लांब बघायला, तासाभरात सेल खातो. आणखी एकदा अर्धं दाबलं की अगदी मिणमिणता, रात्री उठून न्हाणीघरात जायला, तो जवळजवळ दोन दिवस चालतो. लखलखाट यात नाहीच. तो नसलेली शोधायलाच मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

चार सेल पांढरे आहेत, निकेल-मेटल हायड्राइडचे, परत परत चार्ज होणारे. हे सहसा पाझरत नाहीत आणि महिनोन्‌महिने पडून राहिले तरी चार्ज बराचसा टिकतो. चार्जर मोबाइलच्या वायरवर चालतो, म्हणजे वीज नसली तरी तुमच्या सोलर दिव्यावरून हळूहळू भरता येतील. साधा सेल कधीही या चार्जरमध्ये घालायचा नाही, एवढं लक्षात ठेवा. बॅटरीत मात्र घड्याळाचा साधा सेल बिनधास्त घाला. फक्त मोठ्या उजेडावर तो दमतो, मधल्यावर वापरा. दुकानदाराने याच मापाचा ३.७ व्होल्टचा लिथियम सेलही दाखवला होता, उजेड दुपटीहून जास्त. मी नाही घेतला. दिसायला घड्याळाच्या सेलसारखाच असतो, उद्या कुणीतरी तो रेडिओत घालेल आणि रेडिओ जाईल.

पाण्याची काळजी नाही, पागोळ्यांखाली भिजली तरी चालेल. झाकणाच्या रबरी कड्याला सोबतचं ग्रीस गणपतीच्या सुमारास बोटभर लावा. आपल्या खाऱ्या हवेत सेलच्या टोकावर हिरवट थर येतो, तो खोडरबराने घासला की जातो.

वीज गेल्यावर जेवताना ती उभी ठेवून उजेड वर सोडू नका. शहरात पांढरं छत असतं, आपली कौलं उजेड गिळून टाकतात. दह्याचा तो पांढरा प्लॅस्टिकचा डबा तिच्यावर उपडा घाला, कंदिलासारखा मऊ उजेड पडतो. मी दोरीला लाल धागा आणि अंगावर रेडियमची पट्टी लावून दिलीय. मागच्या दाराच्या चौकटीला, कडीच्या वर, बाबांच्या खांद्याएवढ्या उंचीवर खिळा ठोका आणि ती तिथेच टांगा. कपाटात नाही, देवघरात नाही, पाहुणे आले तरी तिथेच. दुसरा भरलेला सेल घड्याळाच्या मागच्या फळीवर, म्हणजे शोधावा लागणार नाही.

बाबा, जुनी बॅटरी टाकू नका. मी गणपतीला आले की खायचा सोडा लावून ती आतून साफ करीन, मधला सेल निघतो का बघीन. आणि आज रात्री नवी बॅटरी घेऊन एकदा गोठ्यापर्यंत जाऊन या, आईला बरोबर घेऊन. परत आलात की मला फोन करा. कितीही वाजले तरी मी जागी आहे.

तुमची,
वैजू