‘फुल टँग’ म्हणून विकलेल्या शिकारीच्या सुरीबद्दल तक्रार

दिनांक : १३ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. मालक,
(शिकारी साहित्याचं ऑनलाइन दुकान)

विषय : पहिल्याच वापरात मुठीपासून तुटलेली सुरी, पूर्ण पैसे परत मिळणे आणि साइटवरचं वर्णन दुरुस्त होणे याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या ग्राहक सेवेला मी इंग्रजीत तीन मेल लिहिले. तिन्हींना एकच छापील उत्तर आलं, फक्त खालचं नाव दर वेळी वेगळं. चौथा मेल लिहायला बसलो आणि सहज ‘आमच्याविषयी’ हे पान उघडलं, तर मालक मूळचे सांगलीकडचे असल्याचं कळलं. मी नदीपलीकडचा, हातकणंगले तालुक्यातला. म्हटलं, आता थेट मालकांनाच लिहावं आणि आपल्या भाषेत लिहावं. निदान छापील उत्तर तरी येणार नाही.

मी गेली अकरा वर्षं अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये, मॅडिसनच्या पश्चिमेला राहतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषयच संपला, त्यामुळे इथे येईपर्यंत मी बंदूक हातात धरली नव्हती. इथला नियम असा की १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्याने प्रशिक्षण घेतल्याशिवाय शिकारीचा परवाना मिळत नाही. माझा जन्म १९७४ चा. चाळिशी उलटल्यावर बारा-तेरा वर्षांच्या पोरांबरोबर बाकावर बसून परीक्षा दिली. हे सांगायचं कारण एवढंच, की मी हौशी असलो तरी निष्काळजी नाही.

चार हंगाम मी शेजारच्या आजोबांची सुरी मागून नेत होतो. साडेतीन इंची पातं, लाकडी मूठ, पन्नास वर्षं जुनी. या वर्षी त्यांनी शिकार सोडली, पण सुरी नातवाला दिली आणि मला सांगितलं, ‘आता स्वतःची घे, पण बघून घे.’ मी बघूनच घेतली. तुमच्या साइटवर सुरी कशी निवडावी याचं एक लांबलचक पान आहे. ते मी दोनदा वाचलं आणि खरं सांगतो, त्यातला शब्द न् शब्द बरोबर आहे. तिथेच मी फसलो. ज्याला एवढं कळतं तो वाईट माल कशाला विकेल, असं वाटलं.

मला घडीचा चाकू नको होता. घडीच्या सांध्यात रक्त, चरबी, केस जाऊन बसतात आणि घरी आल्यावर काडीने टोकरत बसावं लागतं. लांब पातंही नको होतं. गावाकडे जत्रेत खाटीक हातभर सुऱ्याने काम करतो ते ठीक. तिथे बकरं उलटं टांगलेलं असतं, समोर येतं, उजेड असतो. इथे हरीण उताणं जमिनीवर, बहुधा उतारावर, आणि आपण गुडघ्यावर. कातड्याखाली दोन बोटं घालून, धार वरच्या बाजूला ठेवून, बोटांच्या बेचक्यातून पातं पुढे सरकवायचं असतं. खाली लगेच कोथळा. टोक जरा खाली गेलं की कोथळा फुटतो आणि मटणाला वास लागतो. धार वर ठेवण्याचं दुसरंही कारण आहे : कातडं आतून बाहेर कापलं की केस कापावे लागत नाहीत, आणि धारेचा खरा वैरी हाड नव्हे, केस. मग पुढचं काम आणखी अडचणीचं. पोट आणि छाती यांच्यातला पडदा बरगड्यांच्या कडेने सोडवायचा, कोपरापर्यंत हात छातीत घालून, न बघता, श्वासनलिका कापायची. तिथे सहा इंची पातं म्हणजे स्वतःच्याच मनगटाला आमंत्रण.

म्हणून चार इंचांच्या आतलं, पाठ टोकाकडे उतरत आलेलं ‘ड्रॉप पॉइंट’ पातं हवं होतं. पोटाचं कातडं चिरायचा आकडा पाठीवर नको होता. तो दिसायला भारी, पण त्यात केस अडकतात आणि साध्या दगडावर त्याला धार लावता येत नाही. मूठ रबरी हवी होती, भडक नारिंगी. नारिंगी यासाठी की पाचोळ्यात पडली तरी दिसावी. रबरी यासाठी की या भागात हरणांना क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा असाध्य रोग आहे. २००२ साली तो इथून जवळच, माउंट होरेबच्या आसपास, राज्यात पहिल्यांदा सापडला. त्याला कारण असलेलं विकृत प्रथिन उकळून मरत नाही. अवजारं घासून स्वच्छ केल्यावर घरगुती ब्लीचच्या ४० टक्के द्रावणात पाच मिनिटं बुडवावी लागतात. चामड्याच्या चकत्यांची किंवा शिंगाची मूठ त्यात काय टिकणार?

रबरी मुठीचा एकच तोटा : आत काय आहे ते दिसत नाही. लाकडाच्या दोन फळ्या रिव्हेटने बसवलेल्या असतील तर मधली लोखंडी कड सगळीकडून दिसते, पातं मुठीच्या टोकापर्यंत गेलंय याची खात्री पटते. रबराच्या बाबतीत विकणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. तुमचा शब्द होता ‘फुल टँग’, म्हणजे पात्याचंच पोलाद मुठीच्या टोकापर्यंत. सोबत ‘४४० सी पोलाद’, ‘कठीणपणा ५८ ते ६० रॉकवेल’ (रॉकवेल हे कठीणपणा मोजायचं माप) आणि ‘छातीचं हाड सहज कापते’. ८९ डॉलर आणि वर टपालाचे ९. मी १८ ऑक्टोबरला मागवली.

हंगाम २२ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी उघडला. मला दुपारी पावणेचारला एक मादी मिळाली. इथे त्या दिवसांत साडेचारला सूर्य मावळतो, म्हणजे काम भराभर उरकायचं. पोट नीट उघडलं. त्याआधी गुदद्वाराभोवती कापतानाच मला जाणवलं होतं की धार ओढ घेत नाही, कातडं कापण्याऐवजी चेपतेय. नवी कोरी सुरी, पहिल्या पाच मिनिटांत! तरी पुढे गेलो. छातीच्या मधल्या हाडाच्या बाजूला, बरगड्या जिथे कूर्चेने जोडलेल्या असतात तिथे, पातं घालून वर ओढलं. वयात न आलेल्या मादीची ती कूर्चा. शेजारचे आजोबा तिथे सुरीला जोरही लावायचे नाहीत. तिसऱ्या झटक्याला टक्क असा आवाज झाला, मूठ माझ्या हातात राहिली आणि पातं हरणाच्या आत.

आत माझा डावा हात होता. हातमोजा कापला, तर्जनीला तीन टाके पडले. ते पातं अंधारात, टॉर्च दातांत धरून, चाचपडत बाहेर काढताना कोथळा फुटला तो फुटलाच. उरलेलं काम मी खिशातल्या दोन इंची चाकूने केलं. पाण्याचे दोन कॅन रिकामे केले, तरी पाठीच्या कण्याखालच्या आतल्या पट्ट्या फेकाव्या लागल्या. सगळ्या हरणात तेवढंच मटण बायकोलाही आवडतं. (ती म्हणते, ऑनलाइन सुरी घेणाऱ्याला हेच हवं.)

आता तुमच्या उत्तराकडे येतो. त्यात म्हटलंय की हाडावर वापरणं किंवा पात्याने उचकटणं हा ‘गैरवापर’ असल्याने आजीवन हमी लागू नाही. साहेब, तुमच्याच पानावर ‘छातीचं हाड सहज कापते’ असं ठळक अक्षरांत आहे आणि खालच्या व्हिडिओत एक दाढीवाला गृहस्थ ह्याच सुरीने हाड चिरतोय. मी हाडही कापलं नाही, कूर्चा कापली. विकताना जे सामर्थ्य, ते परत करताना गैरवापर कसं होतं?

पुढचं जरा सविस्तर लिहितो, कारण तो माझ्या धंद्याचा भाग आहे. मी शिरोलीच्या फाउंड्रीत नोकरीला लागलो आणि आज इथल्या एका कारखान्यात क्वालिटीचं काम करतो. रॉकवेल मशीन माझ्या टेबलापासून दहा पावलांवर आहे. सुरी निर्जंतुक केल्यावर मी रबर उभं चिरलं. ११८ मिलिमीटर मुठीच्या आत ५८ मिलिमीटरची, पेन्सिलीहून बारीक दांडी निघाली. आणि ती पात्याच्या पोलादाची नाहीच. वेगळ्या लोखंडाची दांडी पात्याला वेल्डिंगने चिकटवलेली आहे. ब्लीचमधून काढून धुतल्यावर दुसऱ्या दिवशी दांडीवर तांबडा गंज होता, पात्यावर नव्हता. तुटलेल्या तोंडाकडे भिंगातून पाहिलं तर निम्मा भाग ताजा, चकाकता आणि निम्मा काळपट. काळपट भाग म्हणजे जुना तडा. तुमच्या गोदामातून निघाली तेव्हाच ही सुरी अर्धी तुटलेली होती. माझ्या हातून उरलेली अर्धी तुटली.

कठीणपणा तीन ठिकाणी मोजला : ५१, ५२, ५२. वेल्डिंगच्या उष्णतेने मऊ पडलं असेल असं कोणी म्हणू नये म्हणून तिन्ही जागा पात्याच्या मधल्या भागात, जोडापासून दूर घेतल्या. तुम्ही ५८ ते ६० लिहिलंय. पात्यावर ठसा आहे नुसता ‘४४०’. हे तीन भावंडांचं आडनाव आहे. ४४० ए मध्ये कार्बन ०.६० ते ०.७५ टक्के, ४४० सी मध्ये ०.९५ ते १.२० टक्के, क्रोमियम सगळ्यांत सारखंच, १६ ते १८. हे पातं कोणतं ते रासायनिक तपासणीशिवाय मी सांगणार नाही. पण ४४० सी जरी असलं, तरी त्याला पाणी धड दिलेलं नाही, म्हणजे तापवून-विझवून नीट कडक केलेलं नाही, आणि पाणी न चढलेलं पोलाद कितीही उंची असो, कापायच्या कामाचं नाही. आमच्या गावचा लोहार भंगारातल्या पाट्याच्या स्प्रिंगचा कोयता करायचा. त्याला पाणी असं द्यायचा की ऊस तोडायचा अख्खा दिवस जायचा आणि संध्याकाळी नुसता दगडावर पाजवला की झालं.

एक गैरसमज नको. मुठीत अर्धीच दांडी असणं हा काही गुन्हा नाही. फिनलंडच्या पुक्को सुऱ्यांत बर्चच्या मुठीत अरुंद दांडीच असते आणि तिथल्या शिकाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या त्यांवर काम केलंय. पण ती दांडी पात्यातूनच घडवलेली असते, आणि विकणारा ती आहे तशी सांगतो. तुम्ही अर्धी दांडी आहे असं लिहिलं असतं तर मी घ्यायची की नाही ते ठरवलं असतं. तुम्ही ती संधीच दिली नाहीत.

बदली सुरी देऊ असं तुमच्या तिसऱ्या मेलमध्ये आहे, ‘सदिच्छा म्हणून’. ती नको. त्याच खोक्यातली दुसरी सुरी घेऊन मी काय करू? माझ्या मागण्या अशा : टपालासह ९८ डॉलर परत द्यावेत, ‘फुल टँग’, ‘४४० सी’ आणि कठीणपणाचा आकडा, या तिन्ही गोष्टी पुराव्यानिशी सिद्ध होईपर्यंत पानावरून काढाव्यात, आणि ज्यांनी ही सुरी या हंगामात घेतली त्यांना मेलने कळवावं. तिसरी मागणी मला पैशांपेक्षा महत्त्वाची वाटते. इथला धनुष्यबाणाचा हंगाम अजून सुरू आहे, आणि शून्याखालच्या थंडीत, बोटं बधिर झालेली असताना, कोणाचा तरी हात त्या पात्यापाशी असणार आहे. टाक्यांचं बिल मी मागत नाही. ते विम्यात गेलं.

तुटलेली सुरी माझ्याकडे जपून ठेवली आहे. हरणाच्या लसिका गाठी तपासणीला दिल्या होत्या, अहवाल परवा आला, रोग आढळला नाही. त्यामुळे सुरी तुमच्याकडे पाठवायला आता हरकत नाही, पण टपालखर्च तुमचा. पातं आणि मूठ दोन वेगळ्या पाकिटांत येतील.

३१ डिसेंबरपर्यंत उत्तराची वाट पाहीन. त्यानंतर राज्याच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे हीच कागदपत्रं इंग्रजीत जातील. तशी वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं.

कळावे,
आपला ग्राहक
(सही)

सोबत : खरेदीची पावती, तुटलेल्या भागाचे चार फोटो, कठीणपणाच्या मोजणीचा कागद, तुमच्या पानाचा १८ ऑक्टोबरचा स्क्रीनशॉट, तुमची तिन्ही उत्तरं.

ता. क. : सुरी कशी निवडावी हे पान मात्र काढू नका. शेजारच्या आजोबांना मी ते वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, ‘हे लिहिणारा माणूस त्यांच्या गोदामात कधी गेला नाही का?’