मेनिन गेट : विजयाची कमान नव्हे

बेल्जियममधील ईप्र शहराच्या मेनिन गेट या युद्धस्मारकावरील आपल्या पुरवणीतील लेखात त्याला ‘ब्रिटिशांची विजयाची कमान’ म्हटले आहे. हे वर्णन मला पटले नाही.

पहिल्या महायुद्धापूर्वी तिथे दरवाजा नव्हताच. तटबंदीतली नुसती खिंड आणि दोन दगडी सिंह. युद्धात सैनिक त्या बाजूने आघाडीकडे जात आणि त्यांतले असंख्य परतले नाहीत. २४ जुलै १९२७ रोजी उद्घाटन झालेल्या या वास्तूवर ५४ हजारांहून अधिक नावे आहेत. ही सगळी माणसे अशी, की ज्यांची कबर कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नाही. भिंती अपुऱ्या पडल्या, म्हणून ऑगस्ट १९१७ च्या मध्यानंतरच्या सुमारे ३५ हजार ब्रिटिश बेपत्तांची नावे जवळच्या टाइन कॉट या युद्ध-दफनभूमीत कोरावी लागली. याला विजय कसे म्हणावे?

त्या भिंतींवर चारशेंहून अधिक भारतीय नावेही आहेत. लेखात त्यांचा उल्लेख नसावा, याचे फार वाईट वाटले. ऑक्टोबर १९१४ मध्ये भारतीय पलटणी ईप्रजवळ लढत होत्या. ३१ ऑक्टोबरला जवळच्या हॉलेबेक येथे खुदादाद खान यांनी दाखवलेल्या शौर्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. हा सन्मान मिळवणारे ते पहिले भारतीय शिपाई. एप्रिल १९१५ मध्ये विषारी वायूच्या हल्ल्यानंतर भारतीय सैन्याच्या लाहोर डिव्हिजनलाही तिथेच झुंजावे लागले.

दररोज रात्री आठ वाजता या दरवाजाखाली बिगुल वाजतो, तो या सर्वांसाठी. पुरवणीच्या पुढील अंकात भारतीय सैनिकांविषयी चार ओळी तरी छापाव्यात, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षक, सातारा