तपासण्या म्हणजे बंदुका नव्हेत

अमेरिकेतील राज्यनिहाय बंदूकमालकीवरील आपल्या लेखात बंदूक विकण्यापूर्वी ग्राहकाच्या पार्श्वभूमीच्या होणाऱ्या तपासण्यांचा आकडाच मालकीचा मानला आहे. ते चूक आहे. केंटकीत शस्त्र बाळगण्याचा परवाना असलेल्यांची दरमहा फेरतपासणी होते, त्यामुळे एकही बंदूक न विकता तेथील आकडा फुगतो. उलट एका तपासणीवर अनेक बंदुका घेता येतात आणि बऱ्याच राज्यांत खासगी विक्रीला तपासणी लागतच नाही. बंदुकांच्या मध्यवर्ती नोंदवहीला १९८६च्या कायद्याने मनाई आहे. म्हणून मालकीचा अंदाज घेण्यासाठी अभ्यासक एकूण आत्महत्यांतील बंदुकीने झालेल्यांचे प्रमाण पाहतात (निकष क्लेशदायक, पण मृत्यूची नोंद सर्वत्र होते) आणि ते २००१, २००२ व २००४च्या आरोग्य सर्वेक्षणांत घरात बंदूक आहे का या प्रश्नाला कुटुंबांनी दिलेल्या उत्तरांशी ताडतात. वायोमिंगसारख्या विरळ वस्तीच्या राज्यात मात्र एका वर्षाचा आकडा घेऊ नये. अनेक वर्षांची सरासरीच घ्यावी.

– एक वाचक, पुणे